आवाज घेऊन या: गिरडजवळच्या 'मिशन'मधली हजेरी

एका पाटीच्या फोटोवरून हे सगळं सुरू झालं. माझी मैत्रीण शोभा समुद्रपूरला शाळेत शिकवते. रोज सकाळी फुलांचे फोटो आणि सुविचार पाठवून ती माझं डोकं उठवते, म्हणून तिचे निम्मे मेसेज मी न बघताच पुसून टाकते. हा मात्र पुसला नाही. चुन्याच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'पुनरुत्थानाच्या पहाटेच्या उपासनेला सर्व धर्मांच्या पाहुण्यांचं स्वागत. राहायची, जेवायची सोय होईल. मेणबत्ती इथं मिळेल. फक्त आवाज घेऊन यावं.'

आवाज घेऊन यावं म्हणजे काय? गाणी म्हणायची आहेत का? मी शोभाला फोन लावला.

"मले काय माईत, मी थोडीच गेली तिथं," ती म्हणाली. "तूच जाऊन पाह्य. तुझा आवाज तं काय, इथून बोलली तरी पोचते."

खरं आहे ते. पहिल्यांदाच वाचत असाल तर सांगून ठेवते. मी नंदा, वर्ध्याला सरकारी ऑफिसात क्लार्क आहे आणि सिंदी मेघेत राहते. माझा आवाज इतका जाड आहे की फोनवर लोक मला 'सर' म्हणतात, आणि मी आता दुरुस्त करणंही सोडलंय. सुट्टी मिळाली की स्कुटी काढते आणि आपल्याच जिल्ह्यात भटकते. लोक हिमाचलला जातात, मी हिंगणघाटला जाते. आमच्या घरी रोज बुद्धवंदना होते. चर्चशी माझा संबंध म्हणजे नाताळात शेजारच्या नर्सबाईंकडून येणारा केक. नवऱ्याला सांगितलं तर तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "तुले ते लोक काऊन बोलावतील?"

"पाहुण्यांचं स्वागत आहे असं लिहिलंय."

"मग जेवायला काय हाय, तेवढं विचारून घे."

अशा माणसाशी काय बोलणार? गुड फ्रायडेला घर आवरलं आणि शनिवारी सकाळी निघाले.

शनिवार

तुम्ही जाणार असाल तर ऊन चढायच्या आत निघा. मार्च-एप्रिलचं आपलं ऊन म्हणजे चेष्टा नाही. वर्धा, हिंगणघाट, मग जामचा चौक. तिथं हायवे ओलांडताना जपून, ट्रकवाले कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. जामला रस्त्याकडेच्या हॉटेलात आलूबोंडा आणि वर तर्री घेतली. डोळ्यांतून पाणी आलं, पण पुढं संध्याकाळपर्यंत भूक म्हणून लागली नाही. समुद्रपूरपर्यंत रस्ता लोण्यासारखा, तिथून गिरडकडे मात्र मधूनमधून उखडलेला आहे. एसटीनं येणार असाल तर समुद्रपूरहून गिरडची गाडी पकडा आणि कंडक्टरला 'मिशनचा फाटा' म्हणून सांगा. स्कुटीला जाऊन-येऊन साडेतीनशेचं पेट्रोल लागलं. घरून गोरसपाकचे, म्हणजे आपल्या वर्ध्याच्या बिस्किटांचे, दोन पुडे घेतले होते, कारण वर्ध्याच्या माणसानं रिकाम्या हातानं कुठं जायचं नसतं.

दोन्ही बाजूंना कपाशी उपटून झालेली काळी रानं होती. पऱ्हाटीचे ढीग जाळायला लावून ठेवलेले. फाट्यावर एक चहाची टपरी दिसली. टपरीवाल्याची दाढी मेंदीनं लाल झालेली होती. त्याचं नाव रशीदभाई, हे मला मागाहून कळलं. मी चहा सांगितला आणि मिशनला हाच रस्ता का, असं विचारलं.

"हाच. पाव्हण्या का तुमी?" तो म्हणाला. "कोनासाठी आल्या?"

"कोणाकडे असं नाही. पाटी वाचली, म्हणून आले."

"कोनाकडं नाई विचारून राह्यलो, म्याडम. कोनासाठी?"

मला काही समजलं नाही. तो हसला आणि चहात आलं ठेचून टाकलं. "असू द्या, तिथं देतीन ते. मी मास्तरसाठी जातो दरसाल. याकोब मास्तर. माह्या बापाले त्यायनंच बाराखडी शिकवली."

"अरे वा! अजून आहेत मास्तर?"

"हायत ना. दुसऱ्या रांगेत राह्यते, निंबाच्या खाली. उद्या भेटसान."

मी मनात हिशोब केला. याच्याच दाढीला मेंदी, तर याच्या बापाचा मास्तर किती वर्षांचा असेल? म्हटलं, असतात एखादे चिवट म्हातारे. त्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. मिशनच्या पाहुण्यांकडून या दिवसांत घेत नाही म्हणाला.

फाट्यापासून आत कच्चा रस्ता आहे. आधी लहानसं चर्च दिसतं, कौलारू, पांढरं, पुढं तीच पाटी. चर्चच्या मागं एकच गल्ली आणि गल्लीच्या दोन्ही बाजूंना घरं. मी स्कुटी बंद केली आणि एकदम कान बसल्यासारखं झालं. कुठं रेडिओ नाही, भांडं नाही, कुत्रंसुद्धा उठून भुंकलं नाही. बहुतेक घरांना कुलूप होतं आणि प्रत्येक कुलपात शिंदीच्या झावळीचा एक लहानसा क्रूस खोचलेला होता. झावळी अजून हिरवी होती. म्हणजे कुणीतरी आठवड्यापूर्वीच, झावळ्यांच्या रविवारी, बंद दारांपुढून फिरून ते खोचले असणार. मी उगाचच पाय न वाजवता चालू लागले.

चर्चच्या दारात पाळक भेटले. वयानं तरुण, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, हाताला चुना. "सलाम, ताई! या, या," म्हणत त्यांनी हात पुसले. वर घंटा टांगलेली होती आणि तिच्या जिभेला पांढरं फडकं गुंडाळलं होतं. मी बघतेय हे पाहून ते म्हणाले, "गुरुवारपासून बांधून ठेवतो. उद्या हजेरी झाली की सोडायची."

"कसली हजेरी?"

"आधी पाणी प्या," ते म्हणाले. "चुना कालवलाय. तिकडं जाऊनच सांगतो."

माझी सोय मार्थाबाईंच्या घरी केली होती. इथल्या चर्चच्या मंडळीतलं सगळ्यात वडील माणूस. दार त्यांच्या सुनेनं उघडलं. सुनीता चाळिशीची असेल, गळ्यात काळी पोत, बोटाला शिवणाचा अंगुस्तान तसाच. आत खाटेवर मार्थाबाई बसल्या होत्या. हाडं तेवढी उरलेली, पण डोळे लखलखीत. मी गोरसपाक पुढं केला. त्यांनी पुडा बाजूला ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"बोल बरं काही."

"काय बोलू? उन्हानं घशाला कोरड पडलीय, आजी."

मार्थाबाईंनी डोळे मिटून ते ऐकलं. मग मान हलवली, बाजारात खरबूज वाजवून बघितल्यावर बाया हलवतात तशी. सुनीता आत निघून गेली आणि आतून शिवणयंत्राचा आवाज सुरू झाला. तो एरवीपेक्षा जोरात असावा, असं मला तेव्हाही वाटलं.

दुपार कलल्यावर सगळे दफनभूमीत गेलो. ती गल्लीच्या टोकाला, कंबरेएवढ्या दगडी भिंतीच्या आत आहे. भिंतीपलीकडे नुसतं रान. नागपूरहून एक कुटुंब आलं होतं आणि सेवाग्रामकडच्या नर्सिंगच्या पाच-सहा मुली. सगळ्यांच्या हाती ब्रश दिले. थडग्यांना चुना लावायचा, गवत उपटायचं, हे ईस्टरच्या आधी सगळीकडेच करतात. इथलं पुढचं मात्र मी कुठं ऐकलं नव्हतं. पाळकांनी ते चुना लावता लावता सांगितलं.

फार पूर्वी इथं मिशनची शाळा होती आणि याकोब मास्तर हजेरी घ्यायचे. ईस्टरच्या पहाटे त्यांनी इथं येऊनही हजेरी घेतली. मुडद्यांची. ख्रिस्त उठला तसे हेही एक दिवस उठणार, तर आपण त्यांची नावं विसरून कसं चालेल, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून दरवर्षी, अंधार असतानाच, मंडळीतलं सगळ्यात वडील माणूस एकेका थडग्यापाशी जातं आणि नाव घेऊन हाक मारतं. थडग्याशी उभा असलेला जिवंत माणूस त्याच्या वतीनं 'हाजिर' म्हणतो. पूर्वी घरचेच असत. आता घरं पुण्याला, नागपूरला गेली. जिवंत माणसं कमी आणि थडगी जास्त झाली.

"म्हणून पाटी," मी म्हणाले. "आवाज घेऊन यावं."

"म्हणून पाटी," पाळक म्हणाले.

तेवढ्यात मला निंबाखालचा दगड दिसला. 'याकोब मास्तर.' मृत्यूची तारीख माझ्या जन्माच्याही आधीची. रशीदभाई संध्याकाळी टपरी बंद करून आला आणि त्यानं खिशातल्या रुमालानं तो दगड पुसला. मला बघून म्हणाला, "मी म्हणलं होतं ना, राह्यते म्हणून?" मी त्या दगडापासून दोन पावलं मागं सरले. खोटं कशाला सांगू?

उजेड कमी होताना वाटणी सुरू झाली. मार्थाबाई काठी टेकत पाहुण्यांसमोरून फिरू लागल्या. नर्सिंगच्या मुलींना कुणी एस्तेरबाई, कुणी लहान पौलस असं मिळालं. मुली सुरुवातीला खिदळल्या, मग आपापले दगड शोधायला गेल्या. माझ्यापुढं मार्थाबाई थांबल्या.

"हिले दानियल द्या."

ब्रश थांबले. पाळक म्हणाले, "मार्थाबाई, यावर आपलं बोलणं झालं होतं."

"बोलणं तुमचं झालं. हजेरी माही हाय."

तिसऱ्या रांगेच्या टोकाला एक नवीन दगड होता, अजून चुना न लागलेला. त्यावर 'दानियल' एवढंच. मृत्यूची तारीख नाही. दानियल म्हणजे मार्थाबाईंचा मुलगा, सुनीताचा नवरा. ट्रक चालवायचा. बरीच वर्षं झाली, कापसाच्या गाठी घेऊन दक्षिणेत गेला. गाठी पोचल्या. रिकामा ट्रक एका ढाब्यावर सापडला. तो सापडला नाही. पोलिस झाले, पेपरात फोटो झाला, सगळं झालं. या दगडाखाली मार्थाबाईंनी गेल्या महिन्यात त्याचा एक शर्ट पुरला होता.

नियम मला रशीदभाईनं समजावला. नवीन नावाला पहिल्या वर्षी घरच्यांनी उत्तर द्यायचं नसतं, पाहुण्यानंच द्यायचं. एकदा 'हाजिर' झालं की तो माणूस इथला झाला, मग दरवर्षी त्याचं नाव पुकारलं जाणार. तीन हाका मारतात. तिन्हीला उत्तर नाही आलं, तर तो इथं नाही. त्याचं नाव पुन्हा कधीच घ्यायचं नाही.

"जबान तुमची हाय, म्याडम," तो म्हणाला. "सोचून पाहा."

मी पाटी वाचून आलेली बाई! मला कुठं यात पाडता? असं मोठ्यानं म्हणायला हवं होतं. पण मार्थाबाईंनी माझा हात धरला होता, आणि उभ्या उभ्याच त्यांना धाप लागली होती. "डॉक्टरनं सांगितलं, आता थोडेच दिवस हायत," त्या हळूच म्हणाल्या. "मी गेल्यावर त्याले हाक कोन मारन? पोरगा ना इथं ना तिथं. माह्याजवळ एक जागा होऊ दे त्याची."

गल्लीतून परत येताना लोक मला दानियल म्हणू लागले. तीही रीत आहे. शनिवारच्या संध्याकाळपासून हजेरीपर्यंत पाहुण्याला त्याच्या माणसाच्या नावानं हाक मारायची. एका ओसरीवरून कुणी म्हातारा म्हणाला, "काय दानियल, आला का?" आणि मी, काही कळायच्या आत, "आलो," म्हणून बसले. 'आले' नाही, 'आलो'. म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि विडी पेटवली.

जेवणही त्याच माणसाच्या आवडीचं वाढतात. मार्थाबाईंनी स्वतः चुलीशी बसून भाकरी मुद्दाम करपवली. "त्याले अशीच लागते." वांग्याची भाजी, वर कच्चं तेल, लाल मिरचीचा ठेचा. स्टीलच्या ताटाच्या काठावर टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं होतं, आपल्याकडे भांड्यांवर कोरून घेतात तसं. 'दानियल.' मला करपलेलं अजिबात चालत नाही. घरी पोळीला जरा डाग पडला तरी मी बाजूला सारते. पण ती भाकरी मी सगळी खाल्ली, वर अजून अर्धी मागितली. हे आत्ता लिहिताना मला जास्त विचित्र वाटतंय.

हात धुवायला मोरीवर गेले, तर सुनीता तिथं भांडी घासत होती. तिनं मला एकदाही दानियल म्हटलं नव्हतं.

"म्याडम, एक मागते. देसान का?"

"बोला."

"उद्या तुमी काही बोलू नका. तिन्ही हाका जाऊ द्या." तिचे हात राखेतच थांबले होते. "आईले वाटते जागा झाली म्हणजे पोरगा भेटला. माह्यासाठी तं तो जाईन ना वो. मी रोज रात्री कडी न लावता झोपते. कोनी हसते, हसू द्या. पण एकदा त्याचं हाजिर झालं, का मी कडी कोनासाठी उघडी ठेवू?"

"पण तुमच्या सासूबाई..."

"आई चांगली हाय. तिनं मले कदी टोचून बोललं नाई. पन ह्यात मी तिचं नाई ऐकत."

मी म्हणाले, "नाही बोलणार." मनापासून म्हणाले. कुणाच्या तरी बायकोच्या तोंडावर तिच्या नवऱ्याला मेलेला ठरवणारी मी कोण? मार्थाबाई वाईट वाटून घेतील, पण सकाळी गाडी काढून मी निघून जाईन. असा सोपा हिशोब मी केला आणि अंगणातल्या खाटेवर आडवी झाले. झोप लागता लागता कुणीतरी अंगावर चादर टाकली. "थंडी पडते पहाटे, दानियल," मार्थाबाई म्हणाल्या. मी डोळे उघडले नाहीत.

रविवार

अंधारातच उठवलं. कुणी बोलत नव्हतं. प्रत्येकाला एक न पेटवलेली मेणबत्ती दिली आणि आम्ही गल्लीतून निघालो. बंद घरांपुढून जाताना पुढचा प्रत्येक माणूस दाराला नुसता हात लावत होता, म्हणून मीही लावला. रानातून मोहाचा जड गोड वास येत होता. लांब कुठं तरी एक टिटवी ओरडत होती, तीही मग थांबली.

आपापल्या दगडाशी उभं राहायचं असतं. अंधारात चुन्याचे दगड तेवढे दिसत होते आणि त्यांच्याशेजारी माणसांचे नुसते आकार. माझ्या पायांखालची माती मऊ होती, नवीन खोदलेली. मी ओढणीचं टोक दातांत घट्ट धरलं. तोंड उघडायचंच नाही, मग भानगडच नको.

मार्थाबाई एका हातात कंदील आणि एका हातात काठी घेऊन निघाल्या. बाईला दिवसा चार पावलांत धाप लागत होती. आता आवाज मात्र मोठ्या माणसाचा येत होता, शाळेच्या मास्तरचा.

"याकोब मास्तर!"

"हाजिर!" रशीदभाई म्हणाला, आणि त्याची मेणबत्ती पेटली.

"एस्तेर!"

"हाजिर." ही नर्सिंगची मुलगी. मेणबत्ती पेटली.

असं एकेक नाव आणि एकेक ज्योत. काही जागी एकच माणूस दोन दगडांच्या मध्ये उभा होता आणि दोनदा, दोन वेगळ्या आवाजांत उत्तर देत होता. मला एकदम वाटलं, आपण जिवंतांनी मेलेल्यांना आवाज दिलाय की उलट चाललंय? कंदील तिसऱ्या रांगेत आला. सुनीता भिंतीला टेकून उभी होती, मला तिचा पदर दिसत होता. कंदील माझ्यापुढं थांबला.

"दानियल!"

मी दात आवळले.

"दानियल!"

मार्थाबाई माझ्याकडे बघत नव्हत्या, दगडाकडे बघत होत्या. एकच उरली, मी मनात म्हणाले, एक गेली की सुटलो.

"दानियल, बापा!"

"हाजिर."

पुरुषाचा आवाज होता. दमलेला, लांबून चालत आल्यासारखा. मला तो माझ्या मागून, भिंतीपलीकडच्या रानातून आला असं ऐकू आलं, आणि मी वळून बघितलं. रानात कुणी नव्हतं. परत फिरले तर सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. ओढणी माझ्या दातांत नव्हती, हातात होती. ती कधी सुटली, मला आठवत नाही.

"मी नाही बोलले," मी म्हणाले. "भिंतीपलीकडून आला."

रशीदभाई जवळच्या रांगेत होता. तो हळूच म्हणाला, "म्याडम, ओठ तुमचेच हालले."

सुनीता माझ्यापाशी आली. मला वाटलं, आता ही मला चार शब्द सुनावणार, आणि सुनावायलाच हवे होते. तिनं काडी पेटवली आणि माझ्या हातातली मेणबत्ती लावली. तिचा चेहरा ओला होता.

"तुमी नाई बोलल्या," ती म्हणाली. "मी त्याच्यासंग संसार केला. मले आवाज माईत हाय."

आणि ती त्या मऊ मातीवर बसली, दगडाला टेकून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बसायला मिळाल्यासारखी.

मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. मार्थाबाईंनी कंदील खाली ठेवला. "नाई," त्या म्हणाल्या. "हा माह्या लेकराचा आवाज नाई. ही बाई बोलली. हिचा आवाजच तसा हाय." आणि नियम मोडून त्यांनी चौथी हाक मारली. "दानियल!" कुणी उत्तर दिलं नाही. पाचवी मारली. "दानियल!" प्रत्येक हाकेनंतर त्या कान देऊन थांबत होत्या, आणि काही ऐकू आलं नाही की त्यांचा चेहरा उजळत होता. "पाहा, नाई हाय. नाई हाय तो इथं." ज्या बाईनं स्वतःच्या हातानं शर्ट पुरला, ती आता ओरडून सांगत होती की मुलगा इथं नाही. रानावर तांबडं फुटेपर्यंत त्या पुकारत राहिल्या. कुणी अडवलं नाही. शेवटी सुनीता उठली आणि त्यांच्या कमरेला हात घातला. "आई, चला. हजेरी झाली."

पाळकांनी घंटेचं फडकं सोडलं. घंटा वाजली. "ख्रिस्त उठला आहे!" "खरोखर उठला आहे!" लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, नर्सिंगच्या मुली रडत होत्या आणि हसतही होत्या. नंतर चर्चच्या पडवीत पोहे, उकडलेली अंडी आणि चहा होता. मुक्कामाचे पैसे कुणी घेत नाही, दानाच्या थैलीत जे टाकाल ते. मला आता सगळे 'नंदाताई' म्हणत होते. दानियल संपला होता. निघताना मार्थाबाई दिसल्या नाहीत. सुनीतानं मात्र डबा बांधून दिला.

परतीला लागण्याआधी गिरडच्या टेकडीवर दर्ग्यात जायचं ठरवलं होतं. तिथं दगडाच्या सुपाऱ्यांसारखे गोटे सापडतात, लोक ते उचलून नेतात. तुम्ही जरूर जा. मी मात्र खालूनच हात जोडले आणि स्कुटी वळवली. समुद्रपूरच्या आधी एका झाडाखाली थांबून डबा उघडला. करपलेली भाकरी होती. एक घास घेतला आणि थुंकला. मला करपलेलं चालत नाही.

घरी

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "थकली असशीन, झोपेत बोलून गेली." असेल. मी उभी होते आणि टक्क जागी होते, पण असेल. त्यानंतर काही दिवस ऑफिसात कुणी हाक मारली की मी लगेच 'ओ' देत नव्हते. आधी थांबायचे, दुसरं कुणी उत्तर देतंय का ते ऐकायचे. साहेब एकदा चिडलेसुद्धा.

गेल्या आठवड्यात सुनीताचा फोन आला. ती आता रात्री कडी लावून झोपते. काळी पोत डब्यात ठेवली आणि गल्लीतल्या मुलींना शिवण शिकवायला घेतलंय. बरं चाललंय म्हणाली.

"आणि मार्थाबाई?"

"आई रोज सकाळी काठी घेऊन तिथं जाते. तीन हाका मारते. उत्तर येत नाई, तं खुश होऊन परत येते. म्हणते, नाई हाय तो तिथं. येईनच. रोज त्याचं ताट मांडते, भाकरी करपवते." सुनीतानं मागं कुणाला तरी सुईत दोरा ओवायला सांगितलं. "डॉक्टरनं थोडेच दिवस म्हणलं होतं, पन आता चांगली जेवून राह्यली."

मग ती म्हणाली, "म्याडम, आईनं एक निरोप देला. म्हणे, ती गेल्यावर तिचं नाव हजेरीत येईन तेव्हा तुमालेच बोलवायचं. दुसऱ्या कोनाचा आवाज नको. येसान का?"

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. नवरा पेपर वाचत होता. मी ओढणीचं टोक मुठीत धरलं, फोन कानाशी घट्ट लावला, आणि नीट ऐकलं, मागं, भिंतीपलीकडे, कुठंही दुसरं कुणी नव्हतं.

"हो, येईन," मी म्हणाले. या वेळी मीच म्हणाले.